अर्धी राहिलेली वाक्यं

(मुदखेड इथे महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो,

आजच्या बैठकीत मी कायद्यावर बोलावं असं ठरलं होतं. कायद्यावर मी बोलणार आहेच, पण जरा लांबच्या वाटेने येणार आहे. या पिशवीत सात वह्या आहेत. माझ्या घरी येता-जाता तुमच्यातल्या काहीजणींनी त्या पाहिल्याही असतील आणि हिशेबाच्या म्हणून सोडून दिल्या असतील. पहिली खरंच हिशेबाची आहे. घरातल्या जुन्या खतावणीची मागची कोरी पानं मी वापरली. पण आत हिशेब नाही. टीव्हीवर सिनेमा किंवा मालिका बघताना जे वाक्य मनात अडकलं, ते मी त्यात लिहीत आले. १९८९ पासून.

हसू येतंय ना? या वह्यांची मला स्वतःलाच कितीतरी वर्षं लाज वाटायची. कुणी अभंग उतरवून घेतं, कुणी लोणच्याचं प्रमाण लिहून ठेवतं. सिनेमातली वाक्यं कशाला लिहायची? म्हणून या वह्या गव्हाच्या कोठीमागे असायच्या. आज त्या इथे सतरंजीवर आणून ठेवल्यात, त्याला कारण आहे.

मी लग्न होऊन मुदखेडला आले १९८६ साली. माहेर लोह्याचं. दहावी झालेली. अकरावीला नाव घालायचं म्हणत होते तोवर स्थळ आलं. सासरी पुस्तक म्हणून दोन पोथ्या आणि एक पंचांग. बोलणं म्हणजे सांगणं किंवा विचारणं : पाणी तापलं का, डाळ शिजली का, कुणी आलं होतं का. पूर्ण वाक्य असं कुणी माझ्याशी बोलतच नव्हतं. मग १९८८ साली घरात ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही आला, ‘महाभारत’ सुरू होणार म्हणून. रविवारी सकाळी गल्ली आमच्या ओसरीत. पुढे पुरुष, मधे लेकरं, मागे म्हाताऱ्या, आणि आम्ही सुना स्वयंपाकघराच्या दारात. एक डोळा टीव्हीवर, एक चुलीवर.

वस्त्रहरणाच्या भागाच्या वेळी काय झालं ते मला नीट आठवतं. सगळे साडीकडे बघत होते. ती कशी वाढत जाते, संपतच नाही. बाया पदराने डोळे पुसत होत्या, एकीने तर टीव्हीला हात जोडले. मला मात्र त्याआधीचंच अडकून बसलं होतं. द्रौपदी भरसभेत विचारते, की जो माणूस आधी स्वतःलाच हरून बसला, त्याला मला पणाला लावायचा अधिकार उरतो कुठे? आणि एवढ्या मोठ्या सभेत, एवढ्या ज्ञानी माणसांत कुणाकडे सरळ उत्तर नाही. मी आत जाऊन खतावणीच्या मागच्या पानावर तिचा प्रश्न लिहिला. पोळी करपली, त्याबद्दल बोलणीही खाल्ली. पण ती माझी पहिली नोंद.

त्यानंतर सवयच लागली. पेन्सिलीचा तुकडा पदराच्या गाठीत. कागद नसला तर कॅलेंडरच्या पानामागे, आगपेटीवर, दुपारी वहीत उतरवायचं. दूरदर्शनवरचा सिनेमा असो, व्हिडिओ भाड्याने आणून रात्रभर बघितलेले तीन-तीन सिनेमे असोत, पुढे केबल आल्यावरच्या मालिका असोत. वर तारीख, खाली वाक्य.

आता या पहिल्या दोन वह्यांत काय आहे ते प्रामाणिकपणे सांगते. द्रौपदीचा प्रश्न सोडला तर पुढची शंभर पानं आईचं काळीज, पत्नीचा धर्म, सोशिक सून, कुंकवाचा धनी. मला ती वाक्यं आवडत होती. नुसती आवडत नव्हती, मी ती वापरत होते. धाकट्या जावेला मी ती ऐकवलीत. नणंद भांडून माहेरी आली तेव्हा तिला परत पाठवताना मी जे बोलले ते माझं नव्हतं, वहीतलं होतं. तारखेसकट सापडलं मला पुढे.

यात मी एकटी नव्हते. १९८४-८५ साली दूरदर्शनवर ‘हम लोग’ लागायची. ती मी तेव्हा पाहिली नव्हती, तिच्याबद्दल नंतर वाचलं. बाईचा दर्जा, लहान कुटुंब असे विषय लोकांपर्यंत पोचावेत म्हणून ती मुद्दाम काढलेली मालिका. त्यात भागवंती नावाची आई आहे, सगळ्यांचं सोसणारी. असं सोसत राहिलं की बाईचं काय होतं, हे बघणाऱ्यांना दिसावं म्हणून ती तशी दाखवली होती. पण संशोधकांनी प्रेक्षकांना विचारलं तेव्हा कितीतरीजणी म्हणाल्या, आम्हाला भागवंतीसारखं व्हायचंय. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन चार समजुतीच्या गोष्टी सांगायचे, तरीही. बाईला सोसताना पाहून आपल्या डोळ्यांत पाणी येतं आणि त्या पाण्यात प्रश्न वाहून जातो. १९९१ साली ‘माहेरची साडी’ आला तेव्हा आमच्याकडच्या बाया बैलगाड्या करून, टेम्पो करून नांदेडला जाऊन रडून आल्या. मीही रडले. वहीत दोन पानं आहेत त्याची.

माझ्या वह्यांची पहिली वाचक कोण, तर माझी सासू. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. त्यांना अक्षर येत नव्हतं. पहिल्यांदा त्यांनी मला लिहिताना पकडलं तेव्हा म्हणाल्या, “काय लिहायलीस गं सारखी? कुनाला चिठ्ठी?” मला घाम फुटला. सुनेच्या हातात कागद म्हणजे घरात संशय. मी वही पुढे केली. त्या म्हणाल्या, “मला काय कळतंय त्यातलं. वाच.” मी वाचलं. कुठल्यातरी सिनेमातल्या आईचं वाक्य होतं, मुलासाठी सगळं सोडण्याचं. आत्याबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “ही बाई जेवली का पन दिवसभर?”

मैत्रिणींनो, मी गप्पच झाले. ते माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

त्यानंतर दुपारी निवडण-टिपण करताना त्या म्हणायच्या, काल काय लिहिलीस ते वाच. ऐकायच्या आणि त्याला उत्तर द्यायच्या. सिनेमातल्या बापाला, मालिकेतल्या सासूला, सगळ्यांना. त्या जात्यावर बसलेल्या पिढीतल्या. आपल्याला जे म्हणायचं ते पहाटेच्या अंधारात जात्याला सांगायची त्यांना सवय होती. हेमा रायरकर आणि गी पॉइटवें यांनी महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतून अशा जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाच्या वर भरल्या. म्हणजे बायांकडे वाक्यं नव्हती असं नाही. जातं गेलं, चक्की आली, कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण म्हणायची जागाही गेली. त्या जागेवर टीव्ही येऊन बसला. तो बोलतो, आपण ऐकतो. आत्याबाई त्याला उलट बोलत होत्या आणि मी, शिकलेली, त्याचं नुसतं उतरवून घेत होते.

आता मूळ गोष्टीकडे येते.

२००७ च्या सुमाराला एक तरुण मुलगी माझ्याकडे आली. कुठली, कुणाची ते सांगत नाही. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. आपल्याकडे तो नुकता कळायला लागला होता. आम्ही दोघी-तिघी तिच्याबरोबर नांदेडला गेलो. या कायद्यात संरक्षण अधिकारी असतात, ते घरगुती घटनेचा अहवाल लिहून घेतात. त्यात विचारतात, कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठे, कुणी, काय केलं. मुलगी सांगत होती, “पोळ्याच्या आधी एकदा. मग तूर काढायला आल्ती तवा.” तारीख? तिला येईना. आणि काय झालं विचारलं तर ती म्हणाली, “हात उठला.” कुणाचा? “त्यांचा उठला.” मग काय झालं? “मला मार बसला.”

हे नीट ऐका. हात उठला. मार बसला. वाद वाढला. थोडं कमीजास्त झालं. आपल्या भाषेत या गोष्टी आपोआप होतात. हात जणू स्वतःच उठतो आणि मार जणू पाहुण्यासारखा येऊन बसतो. मारणारा वाक्यात कुठे दिसत नाही. आपण ‘मार खाल्ला’ म्हणतो, म्हणजे खाणारीही आपणच. समोर कोरा फॉर्म होता, त्यावर ‘कुणी’ असा रकाना होता आणि तो भरायला तिच्याकडे वाक्य नव्हतं.

त्यातल्या एका रात्री ती पळून माझ्या घरी आली होती, एवढं मला आठवत होतं. मी त्या वेळी टीव्ही बघत होते, म्हणजे वहीत तारीख असणार. घरी येऊन मी वही काढली. पान सापडलं. तारीख होती, आणि खाली अर्धं वाक्य. दार वाजलं म्हणून लिहायचं राहिलेलं.

तिची तारीख मिळाली. पण मी वही मिटली नाही. माझ्या लक्षात आलं की या वह्यांत अर्धी वाक्यं पुष्कळ आहेत. मागची पानं चाळत गेले. काही वाक्यांपुढे मीच लिहिलं होतं, ‘लाईट गेली’. मराठवाड्यातलं लोडशेडिंग तुम्हाला सांगायला नको. पण बाकीच्यांपुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. शब्द मधेच तुटलेला, एके ठिकाणी पेन्सिलीची रेघ पानाच्या कडेपर्यंत ओढलेली. मी मोजली. लाईट गेल्याची एक्केचाळीस. न सांगितलेली सव्वीस.

ती सव्वीस मला सगळी आठवली. पान बघितलं की संध्याकाळ आठवायची. घरी आल्या आल्या ताट समोर नव्हतं, म्हणून बटण बंद. बाई वही घेऊन बसते म्हणजे तिला काम नाही, म्हणून बटण बंद. कधी नुसतं बटण, कधी बटणानंतर आणखी.

मैत्रिणींनो, मी या कामात आले तेव्हापासून दुसऱ्यांच्या घरात शिरून बोलत आले. पण माझ्या घरातलं वाक्य मी कधी म्हटलं नाही. ते आज म्हणते. माझ्या नवऱ्याने मला मारलं आहे. १९८७ पासून पुढे बरीच वर्षं, अधूनमधून. याला मी माझ्याशीसुद्धा ‘त्यांचा स्वभाव तापट आहे’ असं म्हणत होते. हेही वाक्य वहीतलंच निघालं. कुठल्याशा सिनेमातली वहिनी असंच काहीतरी म्हणते.

ते थांबलं कसं, असं तुम्ही विचाराल. कायद्याने नाही. एका संध्याकाळी बटण बंद झालं आणि आत्याबाई भिंतीला धरून उठल्या. तेव्हा त्या बऱ्याच थकल्या होत्या. मुलाला म्हणाल्या, “टीव्ही लाव. तिचं लिहायचं राहिलंय.” तो उभाच. त्या पुन्हा म्हणाल्या, “लाव म्हनलं ना. आन् तिच्या अंगाला हात लावायचा असला तर आदी माझ्या लाव.” त्याने टीव्ही लावला आणि बाहेर गेला. त्यानंतर हात लावला नाही. माफीही कधी मागितली नाही. सातही वह्यांत ते वाक्य कुठे नाही. प्रत्येकीच्या घरात आत्याबाई नसतात, आणि मला त्यांना हे बोलायला वीस वर्षं लागली हेही खरं. म्हणून कायदा लागतो.

तर त्या अर्ध्या वाक्यांनंतर मी वहीची पद्धत बदलली. आपल्या गटात आपण ती कशी वापरतो ते आज नवीन आलेल्या मैत्रिणींसाठी सांगते.

दर आठवड्याला प्रत्येकीने एक वाक्य आणायचं. सिनेमातलं, मालिकेतलं, आता मोबाईलवर येतात त्या रीळमधलंही चालतं. लिहिता येत नसेल तर तोंडपाठ करून यायचं. त्याला तीन प्रश्न विचारायचे. हे कोण म्हणतं? कुणाला म्हणतं? आणि जिच्याबद्दल म्हणतं, तिला तिथे बोलायला जागा आहे का?

एवढ्या तीन प्रश्नांनी काय काय उलगडतं बघा. पहिल्याच वेळी एकीने आणलं, ‘मेरे पास माँ है’. १९७५ चा ‘दीवार’. सगळ्या देशाला पाठ असलेलं वाक्य. कोण म्हणतं? धाकटा भाऊ. कुणाला? थोरल्याला, तो बंगला, गाडी, बँकेतला पैसा सगळं मोजून दाखवतो तेव्हा. आई कुठे आहे? ती त्या प्रसंगात नाहीच. पुलाखाली दोघं भाऊच उभे आहेत. आपल्यातली एक म्हणाली, “म्हंजे इस्टेटीच्या यादीत माय बी धरली का?” मला ते वाक्य अजूनही आवडतं. पण आता ऐकताना मी त्या बाईला शोधते.

दुसरं, ‘तारीख पे तारीख’. १९९३ चा ‘दामिनी’. हे आपल्याकडे प्रत्येकीला येतं, कारण कोर्टाच्या पायऱ्या चढून आपली पायताणं झिजलीत. कोण म्हणतं? वकील. गाजला तो वकील. पण त्या सिनेमात स्वतःच्या सासरच्या माणसांविरुद्ध उभं राहून खरं सांगते ती दामिनी. मोलकरणीवर झालेला अत्याचार तिने डोळ्यांनी पाहिला, म्हणून तिला वेडी ठरवतात. मी त्या दिवशी गटात विचारलं, दामिनीचं एखादं वाक्य कुणाला आठवतं? एकीलाही आठवलं नाही. मलाही नाही. माझ्या वहीतसुद्धा वकिलाचंच होतं. सिनेमाचं नाव तिचं, खरं बोलायची जोखीम तिची, आणि आपल्या तोंडात वाक्य त्याचं. त्या आठवड्यात आम्ही सिनेमा पुन्हा लावला आणि फक्त तिचं बोलणं लिहून काढलं. थोडंथोडकं नव्हतं. आम्हीच ते सोडून दिलं होतं.

तिसरं, ‘पाकीजा’मधलं, १९७२ चा सिनेमा. आगगाडीत झोपलेल्या बाईच्या पायांशी कुणी अनोळखी माणूस चिठ्ठी ठेवून जातो. तुमचे पाय फार सुंदर आहेत, ते जमिनीवर ठेवू नका, मळतील, अशा अर्थाची. आपलं गाव जंक्शनचं. आदिलाबादकडची गाडी, निजामाबादकडची गाडी, नांदेडची गाडी, सगळ्या इथून. अपरात्री फलाटावर गाठोडं उशाशी घेऊन निजणाऱ्या बाया आपण रोज बघतो. मला हे वाक्य फार आवडायचं, दोनदा लिहिलंय. गटात वाचलं तर सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग फुलं तोडणारी एक बाई होती, तिने पाय पुढे केले. भेगा, चिखल, गुलाबाचे काटे मोडलेले. मुदखेडची फुलं नांदेडला जातात, हैदराबादला जातात, देवाला वाहतात, नवरीच्या गळ्यात पडतात. ती पहाटे अंधारात वाफ्यात उतरते तेव्हा कुठे ती वेळेवर गाडीला लागतात. ती म्हणाली, “हे पाय जमिनीवर ठिवले नाहीत तर घरी खायचं काय?” आणि नंतर हळूच म्हणाली, “पन कुनी तरी बघावं की पायाकडं. एवढं वाटतंय.”

दोन्ही खरं आहे, मैत्रिणींनो. ते वाक्य मी वहीतून खोडलं नाही. त्याच्या समोरच्या पानावर तिची दोन वाक्यं लिहिली. तेव्हापासून माझ्या वहीची पद्धत ही : डाव्या पानावर पडद्यावरचं, उजव्या पानावर आपलं.

उजवी पानं आता डाव्यांपेक्षा जास्त भरतात. ‘आई कुठे काय करते’ ही मालिका २०१९ च्या डिसेंबरपासून २०२४ पर्यंत चालली. तिचं नुसतं नाव डाव्या पानावर लिहिलं आणि उजव्या पानावर प्रत्येकीने कालचा दिवस सांगितला, उठल्यापासून निजेपर्यंत. चार पानं झाली. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापराच्या पाहणीतही आलंय, की घरकाम करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाचा ८८ मिनिटं. आपल्या चार पानांनी तेच सांगितलं होतं.

‘अर्थ’च्या वेळी तर भांडणच झालं. १९८२ चा सिनेमा. दुसरीकडे गेलेला नवरा शेवटी परत येतो. बायको त्याला विचारते, मी असं केलं असतं तर तू मला परत घेतलं असतंस का? तो खरं बोलतो, नाही म्हणतो. ती निघून जाते. डाव्या पानावर हे लिहिलं. उजव्या पानावर एकीने लिहायला सांगितलं, “ती गेली, पन कुठं गेली? भाडं कोन भरनार?” दुसरी म्हणाली, तिला आधी जाऊ तर दे. दोघींचं लिहिलं आहे. पान अजून उघडंच आहे.

आता कायदा. इथवर याच्यासाठीच आले.

हीच सवय, तारीख, कोण, कुणाला, काय, स्वतःच्या घराबद्दल लावायची. ज्या मैत्रिणीच्या घरी त्रास आहे तिने उजव्या पानावर ते लिहावं. ‘हात उठला’ असं नाही. अमुक तारखेला, रात्री साधारण इतक्या वाजता, स्वयंपाकघरात, नवऱ्याने मला लाकडाने मारलं, डाव्या दंडावर, शेजारणीने ऐकलं. शिवी दिली तर जी दिली तीच लिहायची, लाजायचं नाही. लाज तिची नाही. पैसे काढून घेतले, दवाखान्यात जाऊ दिलं नाही, घराबाहेर काढलं, हेही लिहायचं, कारण २००५ च्या कायद्यात मारहाण, शिवीगाळ, लैंगिक छळ आणि पैशाची कोंडी हे सगळं हिंसाच धरलं आहे. या कायद्याखाली संरक्षणाचा आदेश, घरात राहण्याचा हक्क, खर्चासाठी पैसे मागता येतात. नवरा आणि सासरच्यांनी केलेल्या क्रूरतेचं कलम, जे १९८३ पासून आपण ४९८-अ म्हणून ओळखत होतो, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालं आहे. पोलीस ठाण्यात जाताना हा नवा आकडा माहीत असू द्या. आणि वकिलाला पैसे नाहीत म्हणून कुणी थांबू नका. बाईला, तिची मिळकत कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. नांदेडला जिल्हा प्राधिकरणाचं कार्यालय आहे.

दोन गोष्टी सांभाळा. वही म्हणजे काही एकटीच्या बळावर केस जिंकून देणारा पुरावा नव्हे. दवाखान्याचा कागद, शेजारणीची साक्ष, फोनवरचे निरोप हे सगळं लागतंच. पण वर्षा-दोन वर्षांनी समोरचा वकील उलटं-सुलटं विचारतो तेव्हा तारीख आठवते, वाक्य तुटत नाही, आपण गोंधळत नाही. आणि दुसरी गोष्ट, वही घरात ठेवायची नाही. कोठीमागे तर नाहीच, मी सांगते. मैत्रिणीकडे ठेवा, माहेरी ठेवा, आपल्या गटाच्या पेटीत ठेवा. लिहिता येत नसेल त्यांनी सांगावं, आपल्यातली कुणी लिहून घेईल. बोलणारीचे शब्द बदलायचे नाहीत, एवढी एकच अट.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल, सिनेमा बघायचा तर मजा म्हणून बघावा, त्यातही ह्यांनी चळवळ आणली. मजा घ्याच. मी अजून घेते. पण पुरुषांनी रंगवलेल्या बाईला वहीत धरून जाब विचारणाऱ्या आपण काही पहिल्या नव्हे. ताराबाई शिंदे इथून फार लांबच्या नाहीत, बुलढाण्याच्या. १८८२ साली त्यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुण्याला छापलं गेलं, पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. एका विधवेला कोर्टाने शिक्षा दिली, वर्तमानपत्रांनी सगळ्या स्त्रीजातीला नावं ठेवली, त्याचा राग त्या पुस्तकात आहे. पण आणखीही एक गोष्ट आहे. त्या काळी लोक आवडीने वाचत त्या कथा-नाटकांतल्या बाया पुरुषांनी कशा रंगवल्या, यावरही ताराबाई भांडतात. त्यांच्यापुढे टीव्ही नव्हता, पुस्तकं होती. प्रश्न तोच होता : हे कोण म्हणतं आणि कुणाबद्दल म्हणतं? लोकांनी इतकी टीका केली की पुढे त्यांचं दुसरं पुस्तक आलेलं दिसत नाही. बाईचं वाक्य अर्धं राहतं ते असंही.

माझी सव्वीस वाक्यं मी आता पूर्ण करत बसले आहे. सिनेमातली नाही. ती पुढे काय होती ते मला आठवतही नाही. त्या त्या तारखेखाली, त्या संध्याकाळी काय झालं ते लिहिते. एकोणीस झाली, सात राहिलीत. घरात माणूस आहे, त्याला माहीत आहे की मी लिहिते आहे. परवा त्याने विचारलं, अजून किती राहिलं? मी सांगितलं, सात. तो काही बोलला नाही. ते मी लिहून ठेवलं.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने चाळीस पानी एक वही आणायची. जिला परवडत नाही तिच्यासाठी गटाच्या पैशातून घेऊ. पहिल्या डाव्या पानावर आवडलेलं एक वाक्य, मग ते कुठल्याही सिनेमातलं असो. उजवं पान कोरं ठेवून या. ते आपण इथे बसून भरू.